कानोसा

दार उघडेना. अण्णांनी आधी नुसतं ओढलं, मग एक पाय भिंतीला लावून ओढलं. दार जागचं हललं नाही.

चूक त्यांचीच होती. बाथरूमचं दार धाडकन लागतं म्हणून कालच त्यांनी चौकटीला आतून जाड कापडाची पट्टी चिकटवली होती. मग दार पुन्हापुन्हा लावून पाहिलं आणि एवढासाही आवाज होत नाही म्हटल्यावर स्वतःवर खूश झाले. आज आंघोळीच्या वाफेने पट्टी टम्म फुगली आणि दार चौकटीत गच्च बसलं.

हाक मारायची सोय नव्हती. भिंतीपलीकडे सूनबाई कामावर बसली होती. काम म्हणजे कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकणं. कंपनीची माणसं मधूनच चोरून ऐकत, आणि मागून घरातला आवाज आला की ठपका ठेवत. एक ठपका कुकरच्या शिट्टीचा होता, दुसरा अण्णांच्या खोकल्याचा. आणखी एक आला की नोकरी जाणार होती. आणि मुलाचं काम सुटल्यापासून सगळं घर त्या हेडफोनवरच उभं होतं. मुलगा आजही सकाळीच काम शोधायला बाहेर पडला होता.

त्या खोकल्याच्या ठपक्यापासून अण्णांनी घर मऊ करायचं मनावर घेतलं. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढले. दारावरच्या घंटीत कापूस गेला. भिंतीवरचं घड्याळ तर त्यांनी उशीखालीच नेऊन ठेवलं.

आवाज न करता त्यांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. वरच्या झरोक्यातून सुनेचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“हो सर, आपला त्रास मी समजू शकते.” आवाज कसा, लोण्यासारखा. “एक मिनिट लाइनवर राहाल का? मी तपासून सांगते.”

टक्. बटण दाबल्याचा आवाज.

“तपासते काय, कपाळ माझं! अरे बाबा, फ्रीजचं बटण तरी चालू कर आधी. बायकोवर ओरडून झालं, आता माझ्यावर ओरड.”

टक्.

“थांबलात त्याबद्दल धन्यवाद, सर. भिंतीवरचं बटण चालू आहे का, एकदा पाहाल का?”

त्या टक्‌ला म्यूट म्हणतात हे तिनेच त्यांना सांगितलं होतं. “तोंड बंद करायचं बटण, अण्णा. समोरच्याचं नाही हो, आपलंच!” अण्णांनी लगेच कोश काढून पाहिला होता. मुका, मूक, न उच्चारलं जाणारं अक्षर, वाद्याचा आवाज मऊ करणारी टोपी. एका शब्दाला एवढे अर्थ! ते सगळे तिला सांगावेत असं त्यांना फार वाटलं होतं, पण उगाच कशाला, म्हणून राहून गेलं.

आता फ्रीजवाल्याचं ऐकून त्यांना हसू फुटलं, आणि हसण्यामागोमाग खोकला आला. त्यांनी टॉवेलचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं, छाती भात्यासारखी हलली, पण खोकला आतल्या आत जिरला.

थोड्या वेळाने फ्रीज सुरू झाला. साहेब खूश झाले, कॉल संपला. हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज अण्णांनी स्पष्ट ऐकला. तिची मधली सुट्टी झाली होती. हीच वेळ. ते उठले, तोंडातला टॉवेल काढला आणि दारावर मारायला मूठ उगारली.

“ताई, बोल गं,” पलीकडे सून मोबाइलवर म्हणाली. “नाही, आज एकटीच आहे. अण्णांच्या खोलीत डोकावून आले, नाहीत. वाचनालयात गेले असतील.”

मूठ थांबली.

“त्रास? छे गं, ते बिचारे काय त्रास देणार! तोच तर त्रास आहे. मांजराच्या पावलांनी चालतात. खोकला गिळतात. घरात आहेत की नाहीत, पत्ताच लागत नाही. मी कॉलवर असले तरी माझा एक कान सारखा त्यांच्याकडे. पडले तर नाहीत ना, जेवले असतील ना. त्यापेक्षा आरडाओरडा करणारा माणूस परवडला, निदान आहे तिथे आहे एवढं तरी कळतं.”

मग ती हसली. असं हसताना अण्णांनी तिला कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

“आज मात्र कानोसा घ्यायचा नाही म्हणजे नाही. अशी मोकळी बसलेय म्हणून सांगू! पाय वर घेऊन!”

मूठ दारापासून बोटभर अंतरावर होती. एक थाप, की ती धावत येणार. दार ढकलणार, पट्टी ओरबाडून काढणार, लागलं नाही ना म्हणून विचारणार. रागावणार मुळीच नाही. फक्त तिला कळणार, की आपण बोलत होतो तेव्हा हे भिंतीपलीकडे होते. उद्यापासून अण्णा घरात नाहीत असं समजून ती कधीच मोकळी बसणार नाही.

अण्णांनी मूठ उघडली. हात खाली आला.

पलीकडे खुर्ची कुरकुरली. हेडफोन पुन्हा डोक्यावर चढला असावा, कारण लोणी परत आलं.

“नमस्कार. मी आपली काय मदत करू शकते?”

समोरून कुणी बोललं नसावं.

“हॅलो? आवाज येत नाहीये आपला.”

अण्णा बादलीवर हळूच टेकले. टॉवेलची नीट घडी घालून त्यांनी ती तोंडाशी धरली.

“आपण आहात ना तिथे?” सून विचारत होती. “मग बोला ना. मी ऐकतेय.”