'क'मधली खाच

औषधांच्या दुकानाच्या दाराशी आपलंच अक्षर पाहून अक्षरकार थबकला.

जाड, उजवीकडे झुकलेलं, टोकं सरळ छाटलेली, नक्षी नावालाही नाही. लांबूनही कसं ठसठशीत दिसत होतं. आजूबाजूच्या पाट्या त्याच्यापुढे अगदीच पुसट. क्षणभर त्याला अभिमान वाटला, मग करार आठवला. बुटांच्या कंपनीसाठी केलेला हा फॉन्ट अजून बाहेर यायचा होता. त्याआधी कुठे दिसला तर करार रद्द, सगळी मेहनत पाण्यात.

चोर सापडावा म्हणून तो प्रत्येक फॉन्टमध्ये एक खूण लपवायचा. या वेळी 'क'च्या पोटात बारीक खाच होती. त्याने 'केमिस्ट'च्या उठावदार 'क'वरून बोट फिरवलं. खाच लागली.

पुढे बेकरीवर तेच अक्षर. शिंप्याकडेही तेच.

फाइल घरच्या कॉम्प्युटरवर होती आणि पासवर्ड त्याच्याखेरीज फक्त बायकोला ठाऊक होता.

तो घरी आला तेव्हा ती फोनवर होती. "लवकर करा तेवढं. आणि यांच्या कानावर जाऊ देऊ नका." त्याला पाहताच तिने फोन ठेवला.

"कोण होतं?"

"मैत्रीण."

"मैत्रिणीला अहो-जाहो कधीपासून?"

"वयाने मोठी आहे," ती म्हणाली. "चहा टाकू?"

"मी करतो." आता तिच्या हातचा चहाही नको वाटत होता. त्याने केलेला चहा सकाळसारखाच खारट झाला. "डबे जागेवर ठेवत जा," तो खेकसला.

ती गप्प राहिली. एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई गप्प, म्हणजे पाणी मुरतंय. एवढ्या वर्षांच्या संसारात हिने असा केसाने गळा कापावा, याचं त्याला फार वाईट वाटलं.

शिंप्याकडून पत्ता काढून दुसऱ्या दिवशी तो पाट्या करणाऱ्याकडे गेला. ओळख दिली नाही.

"शिंप्याच्या पाटीसारखं अक्षर हवंय."

"ते नाही मिळायचं, साहेब. बुटांच्या कंपनीकडून एका बाईंनी फक्त आपल्या गल्लीपुरती परवानगी आणलीय."

"त्या बाईंना कशाला हवं ते?"

"नवऱ्यासाठी. अक्षरं काढतो म्हणे. नजर जात चाललीय, पण कबूल करत नाही. पेपरवाले शाई वाचवतात म्हणतो." पाटीवाला हसला. "रस्त्यावरचं एवढं एकच अक्षर त्याला वाचता येतं. बाईंनी एकेका दुकानदाराला गळ घालून पाट्या बदलायला लावल्या. आता घरातल्याच तेवढ्या राहिल्यात. या बघा, आज न्यायला येतील."

त्याने दोन छोट्या पट्ट्या पुढे सरकवल्या. अक्षरकाराने त्यांवरून बोट फिरवलं.

एक 'साखर' होती. दुसरी 'मीठ'.