लावलेला तंबोरा

वेंगुर्ल्यातल्या माणसांना घाटावर हलवणारी शेवटची बस दाराशी उभी होती आणि डॉ. रघुवीर केरकर रोजच्यासारखे तंबोरा घेऊन बसले होते. किनाऱ्याची हवा इतकी दमट आणि तापट होणार की अंगावरचा घामही वाळणार नाही, माणसं घरात बसल्या बसल्या मरतील, असं बाकीचे सगळे शास्त्रज्ञ सांगत होते. केरकरांना ते पटत नव्हतं. दमट हवेत तंबोरा उतरतो. ते रात्री तो सुरात लावत आणि सकाळी किती उतरला ते मोजत. बावीस वर्षांत तो तसूभरही उतरला नव्हता.

"आजही जागच्या जागी आहे, नलू," ते पत्नीला म्हणाले. "हवा बदललेली नाही."

नलिनीबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"अहो, तो रोज उतरतो. पहाटे मी लावून ठेवते."

"तू?"

"गाणाऱ्याच्या हाती बेसूर तंबोरा द्यायचा नाही, असं मामंजींनी सांगितलं होतं. तुम्ही मोजायला बसलात की वाटायचं, माझंच काम तपासताय. पूर्वी खुंटी जेमतेम हलवावी लागायची. हल्ली चारही तारा पार ढिल्या पडलेल्या असतात."

केरकरांचं बोट तारेवरच राहिलं. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडची अकरा घरं त्यांच्या शब्दावर थांबली होती. कुणीही सामान बांधलं नव्हतं.

ते अनवाणीच बाहेर धावले.

बसमध्ये दोनच जागा उरल्या होत्या.