टेकडीवरच्या आईचा नवस

मालीवानच्या पाठपिशवीचा पट्टा तुटला तो ऐन चढणीच्या तोंडाशी. पिशवी खांद्यावरून घसरली, पातेली खडखडली आणि तंबूच्या दांड्या वाळूत पसरल्या.

"घ्या!" नुच म्हणाली. "सांगत होते, निम्मं सामान घरी ठेव. चार दिवस बेटावर राहायचंय, संसार नाही थाटायचा."

शब्द तोंडून गेला आणि तिने जीभ चावली. संसार हा शब्द बारा दिवसांत तिघींपैकी कोणी उच्चारला नव्हता.

बारा दिवसांपूर्वी कोमसानने मालीवानशी ठरलेलं लग्न मोडलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, विहारातल्या भिक्खूंनी दिवस काढून दिला होता. कारण काही नाही. फोनवर एक ओळ, मला माफ कर. थायलंडमधल्या त्राङच्या एकाच शाळेत शिकवणाऱ्या या तिघींनी लग्नाआधी बेटावर भटकायचं फार पूर्वीच ठरवलं होतं. मालीवान आता बेत मोडायला निघाली होती. पण तिघींतली तिसरी, केव, ऐकेना.

"तिथल्या टेकडीवरची आई हाकेला धावते, ताई," ती म्हणाली होती. "एकदा तिच्या पायाशी चल तर खरी."

मालीवान त्यासाठीच आली होती. कोमसान परत मिळू दे. दुसरं काही मागणं नव्हतं.

केवने गुडघ्यावर बसून चौकड्यांच्या फडक्याने पट्टा बांधला आणि पातेली आपल्या पिशवीत कोंबली. तिची पिशवी आधीच फुगलेली होती.

"तुला जड होईल गं," मालीवान म्हणाली.

"तू मोकळी चाल. तुझ्या मनावर आहे तेवढं ओझं पुरे."

रबराच्या झाडांपलीकडे वाट फुटत होती. पाटी नव्हती. केव डावीकडे वळली, मागून दोघी गेल्या. काजूच्या सावलीत त्यांनी चिकट भात आणि भाजलेल्या कोंबडीची शिदोरी सोडली. दोन घास झाले नाहीत तोच नुचचा फोन वाजला. तिने तो झटकन उचलला आणि लांब झाडांमागे गेली. पण तेवढ्यात मालीवानने नाव वाचलं होतं. कोमसान.

तिने हातातला घास खाली ठेवला.

"तू पाहिलंस ना?" तिने केवला विचारलं.

केवने मान खाली घातली. "मी काही म्हणत नाही, ताई. बोटीवरही ती अशीच टोकाला जाऊन बोलत होती. आईपुढे जाताना मनात किल्मिष नको, म्हणून गप्प बसले."

नुच परत आली.

"कोणाचा फोन?"

"शाळेतून."

"कोमसान कधीपासून शाळेत लागला?"

नुचने केवकडे पाहिलं, मग मालीवानकडे. "त्याचाच होता. तीनदा बोलले त्याच्याशी. मालि, दोन दिवस मला काही विचारू नकोस. खात्री झाल्याशिवाय मी तोंड उघडायची नाही."

"कसली खात्री? तो तुला हो म्हणतो की नाही याची?"

"वेडी आहेस का?"

"होते! आता नाही. पाच वर्षं एका डब्यात जेवलो आपण, नुच."

"म्हणून तर गप्प आहे."

"मग गप्पच राहा. दुपारची होडी सुटायचीय अजून. जा. आणि शाळेत माझ्या वाटेला येऊ नकोस."

नुच एरवी एका शब्दाला चार शब्द सुनावणारी. आज तिने पिशवी खांद्याला लावली, आपली पाण्याची बाटली मालीवानच्या पायाशी ठेवली. "वर पाणी मिळत नाही," एवढंच म्हणाली आणि उतरणीला लागली.

केवने मालीवानच्या पाठीवरून हात फिरवला. "रडून घे, ताई. वेळीच कळलं, हीही आईचीच कृपा. मी पुढे होते, सगळं मांडून ठेवते. तू तोंड धू, सावकाश ये. पण ये हं. अर्ध्या वाटेवरून फिरू नकोस."

खालून होडीच्या इंजिनाचा फटफट आवाज आला, मग तो समुद्रावर विरत गेला. मालीवान उठली. जगात आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलंय आणि ते वर आपल्यासाठी हात जोडून बसलंय, या विचाराने तिच्या पायांत बळ आलं.

टेकडी अर्धी चढून झाली आणि वर फटाक्यांची माळ कडाडली. लांबलचक माळ. काजूवरची पाखरं भर्रकन उडाली. नवस फेडतानाच इथे माळ लावतात. कोणाचं तरी मागणं फळाला आलं होतं. मालीवान थबकली. कोण कुठली ती बाई. तरी तिच्या सुखासाठी तिने जागच्या जागी हात जोडले.

देवळापुढे लाल कागदाचा खच पडला होता. धूर अजून निवळला नव्हता. आईपुढच्या परातीत नवसाची शंभरेक उकडलेली अंडी रचलेली होती आणि त्यांच्यामागे केव डोळे मिटून बसली होती. एक म्हातारी पुजारीण खराट्याने कागद लोटत होती. तिसरं कोणी नव्हतं.

"आजी, आता कोणाचा नवस फेडला?"

म्हातारीने खराटा थांबवला, मालीवानला निरखून पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"आलीस का? ये, बस तिच्याशेजारी. पावसाळ्यात आली होती तेव्हा पोरीची जीभ रेटेना, म्हणून मीच तिच्या वतीने आईला बोलले, की कोमसान हिला मिळू दे, मग ज्या मैत्रिणीच्या हातून तो जाईल तिलाही ही तुझ्या पायाशी घेऊन येईल. फक्त तिचा तळतळाट हिला लागू देऊ नकोस."