एवढंच मागणं

सकाळी कमलाकांत दूध आणायला चाळीचा जिना उतरले आणि परत येऊन बघतात तर दार सताड उघडं, सुमती घरात नाही. विसरण्याच्या आजारात तिच्या डोक्यातून लेक, सून, शेजारी सगळे पुसले गेले होते. ओळखीचे उरले होते ते एकटे कमलाकांत.

दुपारपर्यंत त्यांनी सगळं गिरगाव पालथं घातलं, चौपाटी पाहिली, पोलिसांकडे फोटो दिला. शेवटी पाय चालेनात, तेव्हा ते ठाकूरद्वारच्या एका देवळात शिरले आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर त्यांनी डोकं टेकलं.

"देवा, माझं सगळं करून झालं. तिला स्वतःचं नावही सांगता येत नाही रे. बाहेर गाड्या कशा सुसाट जातायत! तूच तिला माझ्यासमोर आणून उभी कर. पुन्हा कधी काही मागणार नाही."

मागे खांबाआड कुणीतरी हुंदके देत होतं.

"देवा, आमचे हे सकाळपासून घरी आले नाहीत. त्यांना सुखरूप आण."

आवाज ऐकताच कमलाकांत धडपडत उठले. खांबाला टेकून, अनवाणी, सुमतीच बसली होती. त्यांनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"सुमती, अगं मी आलोय! बघ, मी आलोय!"

तिने हळूच हात सोडवून घेतले आणि पदराने डोळे पुसले.



"काका, तुम्हीही जरा हात जोडता का आमच्या ह्यांच्यासाठी?"