ओठांपुरतं पाणी

"सोयाबीनसुद्धा भिजत घालताना पाणी देतात," शिगेरु म्हणाला. "मला मात्र कोरडंच फुगवलंय या डॉक्टरांनी."

हिसाएने नवऱ्याच्या पायांकडे पाहिले. घोटे सुजेत बुडून गेले होते. मोज्याची कड रुतली होती तिथे खोल वळ उमटला होता. ओसाकाच्या एका गल्लीत जन्मभर सोयाबीनच्या टोफूच्या हौदात हात घालून बसलेला हा माणूस. आता पाणी त्याच्याच अंगात साचत चालले होते आणि जीभ टाळूला चिकटत होती.

उशाजवळच्या यंत्राच्या पडद्यावर हृदयाच्या ठोक्यांची हिरवी रेघ चालली होती. शस्त्रक्रियेआधी ती अडखळे, धावत सुटे, मध्येच हरवे. आता ती हातशिलाईच्या टाक्यांसारखी समान होती.

"ठोका सुरेख लागलाय," तरुण डॉक्टर म्हणाले. "पण आजी, ठोका भरकटू नये म्हणून हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर आम्ही छेद घेतले ना, तेच कप्पे मूत्रपिंडांना निरोप धाडतात, पाणी बाहेर टाका म्हणून. तो निरोप क्षीण झालाय. पाणी धरून ठेवायला लावणारी संप्रेरकं तेवढी वाढलीत. तहानही त्यांचीच."

"निरोप परत कधी जाईल?"

"बहुतेकांचा जातो, हळूहळू."

"आणि यांचा?"

डॉक्टरांनी पलंगाखालच्या लघवीच्या पिशवीकडे पाहिले. तिच्या तळाशी गडद पिवळा थर होता, नावापुरता. "औषध वाढवलंय. पण फुप्फुसांत पाणी उतरलं तर या सरळ ठोक्याचा काही उपयोग नाही. ते कितीही मागोत, पाणी द्यायचं नाही."

ते गेल्यावर परिचारिका एक वाटी ठेवून गेली. वाटीत थोडे पाणी, आणि टोकाला कापूस गुंडाळलेली काडी. "एवढं चालेल, आजी. नुसते ओठ ओले करा."

हिसाएचा हात मांडीवरून उठेना. सासूबाई गेल्या त्या दिवशी अशीच काडी होती, असाच कापूस. त्यांच्या थंड ओठांवरून तो आधी शिगेरुने फिरवला होता, मग तिने. गेलेल्या माणसाचे ओठ कुणी ओले करायचे याचा क्रम घराघरात ठरलेला असतो. नवऱ्यासाठी पहिला हात बायकोचा.

शिगेरुने काडीकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"एवढी घाई झालीय का तुला?"

"अभद्र बोलू नका हो."

"मग दे की. मेलेल्याला निदान मागावं तरी लागत नाही."

तिने कापूस बुडवला. आधी स्वतःच्या ओठांना लावला, जिवंत माणसाच्या ओठांना, नियतीला चकवावे तसा. पुन्हा बुडवला आणि त्याच्या ओठांवर टेकवला. ओलावा लागताच शिगेरुने काडी दातांत धरली. डोळे मिटून, गालांत खड्डे पाडून तो चोखू लागला.

"सोडा," ती म्हणाली. "अहो, सोडा ना."

काडी वाकली. त्याच्या घशाचा मणी वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. गिळायला काहीच नव्हते.

अखेर काडी सुटली तेव्हा कापूस पार कोरडा होता. हिसाएने वाटी उचलली आणि पाठीमागे लपवली. शिगेरुचे तोंड तसेच उघडे राहिले.