कडक रबरं

इस्माईल मिस्त्रीनं फळीवर इंजिनाखाली बसवायची, फाउंडेशनची दोन जातींची रबरं मांडली. तात्यांच्या जुन्या ट्रकातलं पेट्रोलचं इंजिन उतरवलं होतं आणि डिझेलचं इंजिन आता या रबरांवर बसायचं होतं.

"मऊ घ्या, तात्या. डिझेलचे हादरे रबरच गिळेल."

"कडक टाक."

"अहो, केबिन थडथडेल. या वयात हाडं खिळखिळी होतील."

"होऊ देत. कडक म्हटलं ना!"

मागवलेल्या चहालाही तात्यांनी हात लावला नाही. चाळीस वर्षं घाट चढउतर केलेला माणूस, त्याचं ऐकून मिस्त्रीनं कडक रबरं उचलली.

तिसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं. आरसे, काचा, दारं, स्टिअरिंगवरचे तात्यांचे हात, सगळं एका तालात थरथरू लागलं. कित्येक महिन्यांनी तात्या मोकळं हसले. "अशी पाहिजे गाडी!"

शेजारी बसलेल्या मिस्त्रीला कुठंतरी सैल नट वाजल्यासारखं वाटलं. त्यानं हात लांबवून इंजिन बंद केलं. आधी आरसे थांबले, मग काचा, मग दारं.

तात्यांचे हात थांबले नाहीत.

त्यांनी ते घाईघाईनं मांड्यांखाली दाबले.

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं," तात्या खाली बघत म्हणाले. "हादऱ्यात कुणाला दिसलं नसतं रे."

मिस्त्रीनं किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. तात्यांनी ती मागितली नाही.

पुन्हा चहा आला. मिस्त्रीनं तात्यांच्या ग्लासातला निम्मा चहा आपल्या ग्लासात ओतला आणि उरलेला त्यांच्या हाती दिला.