हुंगायचा कांदा

मुंबईत पंधरा वर्षं मुलांच्या मेंदूच्या आजारांवर उपचार करून इस्रायलला आलेल्या डॉक्टर जेमायमांचे डॉक्टरकीच्या परवान्याचे कागद बीरशेबा शहरातल्या सरकारी कचेरीच्या कारकुनाने तिसऱ्यांदा परत केले. "शिक्का पुसटलाय. नवा आणा." "शिक्क्यासाठी बोटीनं मुंबईला जाऊ?" त्या कडाडल्या. तेवढ्यात डबा घेऊन आलेली कारकुनाची लेक धाडकन पडली. झटके येऊ लागले. जेमायमांनी तिला कुशीवर वळवलं, घड्याळ पाहिलं. रांगेत मागे उभ्या असलेल्या, मुंबईहूनच आलेल्या रूतमावशींनी पिशवीतून कांदा काढला. "मावशी, इथे तरी कांदा नको! फिट आपोआप थांबते!" जेमायमा ओरडल्या. दोन मिनिटांनी ती थांबलीच; नेमका तेव्हाच मावशींनी बुक्कीने फोडलेला कांदा नाकाशी धरला. मुलीने डोळे उघडले. कारकून मावशींच्या पाया पडायचाच बाकी राहिला. "फिट पुन्हा येईल. गोळ्या सुरू करा," जेमायमा म्हणाल्या. "बाई, तुमचे कागद अजून मंजूर नाहीत," म्हणत त्याने कांदा जपून मुलीच्या खिशात ठेवला.